रॅड: मोठी करताना

अमिगा १२०० या जुन्या घरगुती संगणकावर दोन तऱ्हेच्या रॅम डिस्क (मेमरीचाच तुकडा डिस्कसारखा वापरायचा) मिळतात. एक नुसती 'रॅम:', भरू तशी फुगणारी आणि रिसेट केलं की रिकामी होणारी. दुसरी 'रॅड:'. हिचं माप ठरलेलं, पण कंट्रोल आणि दोन्ही अमिगा की दाबून रिसेट केलं तरी आतलं सगळं जागच्या जागी. प्रोग्रॅम लिहिताना माझं मशीन दिवसातून दहादा लटकतं, म्हणून चालू काम मी रॅडमध्येच ठेवतो. ८ एमबी फास्ट रॅम (वरून जोडायची जादा मेमरी) बसवल्यावर मात्र ८८० केबीची रॅड तोकडी वाटायला लागली. कंपायलरसुद्धा (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल असा करणारा) आत घ्यायचा तर ३ एमबी तरी हवे होते.

माप लिहिलेलं असतं डेव्ह्स ड्रॉवरमधल्या (अमिगात फोल्डरला ड्रॉवर म्हणतात) डॉसड्रायव्हर्समध्ये, 'रॅड' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत. आत सगळं फ्लॉपीचंच गणित: सर्फेस म्हणजे बाजू २, ट्रॅकला (बाजूवरच्या एका वर्तुळाला) ११ ब्लॉक, ब्लॉक ५१२ बाइटचा. म्हणजे एक सिलिंडर (दोन्ही बाजूंचे मिळून दोन ट्रॅक) ११ केबीचा. हायसिल (शेवटच्या सिलिंडरचा क्रमांक) ७९, मोजणी शून्यापासून, म्हणून सिलिंडर ८०. मला ३०७२ केबी हवे, त्याला ११ ने भागलं की २७९ आणि वर थोडं. म्हणून हायसिल २७८. (आधी २७९ च लिहिलं होतं. एका सिलिंडरने काही बिघडत नव्हतं, पण डोळ्यांना खुपत राहिलं.) 'एड' या एडिटरमध्ये आकडा बदलला, एस्केप, एक्स, एंटर करून सेव्ह केला. मग रिसेट.

शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डिस्कची मापं दाखवणारी 'इन्फो' कमांड दिली. रॅड, ८७९ के. हे ८८० नाही, कारण दोन ब्लॉक राखीव जातात. पण माझे ३ एमबी कुठे गेले? फाइल उघडली, २७८ शाबूत. पुन्हा रिसेट, पुन्हा ८७९.

तिसऱ्या रिसेटला बोट कीवर असतानाच ट्यूब पेटली. रिसेटमधून जगणं हाच तर रॅडचा गुण! ती जगत होती ती जुन्या मापासकट, आणि नवी फाइल वाचली जाईपर्यंत जागा अडवून बसलेली. आधी तिला काढायला हवं होतं.

त्यासाठी 'रेमरॅड' ही कमांड आहे. ती आतल्या सगळ्या फाइली पुसते, म्हणून आधी सगळं हार्ड डिस्कवर कॉपी केलं. मग रेमरॅड दिलं, तर उत्तर आलं की डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय? सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी तेच. शेवटी प्रॉम्प्टकडे (शेल आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेकडे) लक्ष गेलं: 'रॅड:>'. मी स्वतःच आत बसून घर पाडायला निघालो होतो. 'सीडी' या जागा बदलायच्या कमांडने बाहेर आलो, रेमरॅड मुकाट्याने चाललं. रॅड पूर्णपणे जाते ती पुढच्या रिसेटला, म्हणून तोही केला. इन्फोमध्ये ३ एमबी. (मशीन बंद करून चालू केलं असतं तरी हेच झालं असतं. पण एवढं सुचलं असतं तर काय हवं होतं!)

दोन दिवसांनी नवीच भानगड. फ्लॉपीची नक्कल मी अख्खी डिस्क उतरवणाऱ्या 'डिस्ककॉपी' कमांडने आधी रॅडमध्ये घ्यायचो. आता डिस्ककॉपी नकार देऊ लागलं, कारण दोघींचं माप जुळेना. मग त्या 'रॅड' फाइलीची एक प्रत काढली, तिला दुसरं नाव दिलं आणि आतलं युनिट (डिस्कचा क्रमांक) ० चं १ केलं. ही दुसरी रॅड फक्त फ्लॉपींसाठी. तिचा हायसिल ७९ वरच ठेवलाय.