गुरूजवळच्या कॅमेऱ्याला जाड शिसं का लावत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. विश्रामबागेत मुलांना गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाचे कच्चे, म्हणजे साफसफाई न केलेले फोटो दाखवले की त्यावरचे पांढरे ठिपके आणि रेघा बघून कुणीतरी हमखास विचारतंच, की मॅडम, एवढा खर्च करतात तर कॅमेऱ्याभोवती चांगलं जाड शिसं का नाही गुंडाळत?

ठिपके येतात ते इलेक्ट्रॉनमुळे. गुरूचा चंद्र आयो, त्याच्यावर सतत ज्वालामुखी धुमसतात, तिथून सेकंदाला साधारण टनभर माल अवकाशात जातो, आणि गुरूचं चुंबकीय क्षेत्र इतकं जबर आहे की त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला पोचतात. असा एक इलेक्ट्रॉन कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आपटला की सेन्सरला वाटतं उजेडच पडला.

आता शिसं. वजन तर आहेच, पण खरी गोम वेगळी आहे. वेगवान इलेक्ट्रॉन जड धातूत शिरून एकदम अडला की त्यातून एक्स-रे निघतात, म्हणजे एक त्रास अडवायचा आणि दुसरा आत सोडायचा. म्हणून बऱ्याचदा बाहेर हलका धातू लावतात, तिथे इलेक्ट्रॉन मंदावतात आणि एक्स-रे कमी तयार होतात, आणि आतल्या बाजूला जड धातू, उरलेले एक्स-रे गिळायला. आणि कॅमेरा सगळीकडून बंद करून कसं चालेल, त्याला बघायचंय ना!

कृष्णेला पूर आला की आपण अख्खं घर उचलत नाही, कागदपत्रं आधी माळ्यावर टाकतो, तसंच जुनोचं केलंय. कॉम्प्युटर आणि महत्त्वाची इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत, तिच्या भिंती साधारण १ सेंटीमीटर जाड, सामानासकट वजन २०० किलोच्या आसपास. फोटो काढणारा जुनोकॅम मात्र पेटीच्या बाहेर.

तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त टिकला, पण गुरूभोवतीच्या ५६व्या फेरीपर्यंत जवळपास सगळेच फोटो बिघडलेले येत होते. हे ठिपक्यांसारखं तात्पुरतं नव्हतं, आतला पार्टच खराब झाला असावा असा संशय होता. दुरुस्तीला तिथे कोण जाणार? मग मिशनच्या लोकांनी कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण क्षमतेने चालवून तो तापवला, कारण तापवल्यावर किरणोत्सर्गाने, म्हणजे अशा वेगवान कणांच्या माऱ्याने बिघडलेली पदार्थाची रचना कधीकधी थोडी सुधारते, आणि खरंच सुधारली! ३० डिसेंबर २०२३ ला जुनो आयोपासून १,५०० किलोमीटरवरून गेलं तेव्हाचे फोटो बघा, मी अजूनही मुलांना ते दाखवते.

पण मला सगळ्यात हुशारीची वाटते ती दुसऱ्याच कॅमेऱ्याची गोष्ट. ताऱ्यांवरून यानाची दिशा ठरवणारा एक कॅमेरा आहे, त्याला जाड कवच आहे, तरी जे फार जोरातले इलेक्ट्रॉन आत घुसतात त्यांचे ठिपके शास्त्रज्ञ मोजतात आणि त्यावरून गुरूभोवती किरणोत्सर्ग कुठे किती आहे याचा नकाशा करतात. म्हणजे आपण जो कचरा म्हणून पुसायला निघालो होतो तोच डेटा.

म्हणून फोटो साफ करायला बसलात तर आधी मूळ फाइल वेगळी ठेवा, आणि एकच ढग दोन फ्रेममध्ये आला असेल तर दोन्ही शेजारी लावून बघा, एकीतच दिसणारा ठिपका बहुतेक इलेक्ट्रॉनचाच असतो. जुनोकॅमचे कच्चे फोटो मिशनच्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट आहेत, मुलांना तिथूनच सुरुवात करू द्या.