आर्नाल्दुरच्या मागावर: रेक्याविक, क्लेइफारवात्न, एस्कीफ्योर्दुर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आइसलँडची राजधानी रेक्याविकमधल्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात शिरा, दाराशीच आर्नाल्दुर इंद्रिदासन या गुन्हेकथाकाराच्या नव्या कादंबरीची चळत लागलेली असते. त्याची पुस्तकं वर्षानुवर्षं १ नोव्हेंबरलाच येत आली आहेत. तिथे नवी पुस्तकं बहुतेक करून ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात निघतात, कारण नाताळात एकमेकांना पुस्तक द्यायचं हा रिवाज. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते, कागदावर त्यामानाने कमी, आणि तेव्हा लागलेली ही सवय सुटली नाही. नव्या पुस्तकांची यादी छापून घरोघरी टाकायचे. स्कोलावर्दुस्टीगुर रस्त्यावरच्या दुकानात माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाने आर्नाल्दुरच्या तीन प्रती घेतल्या. एक आईला, एक सासूला. तिसरी कुणासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाला, "कुणाचं तरी राहून जातंच."

मी त्याला सरळ आर्नाल्दुर म्हणतेय, ही सलगी नव्हे. आइसलँडमध्ये आडनावं जवळपास नाहीतच. इंद्रिदासन म्हणजे इंद्रिदीचा मुलगा, बस्स. राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात आणि फोनच्या डिरेक्टरीतही नावं पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असायची.

तर हा आर्नाल्दुर १९६१चा, रेक्याविकमध्येच जन्मलेला. विद्यापीठात इतिहास शिकला, ‘मोर्गुनब्लादिद’ या दैनिकात बातमीदारी केली, बरीच वर्षं चित्रपट परीक्षणं लिहिली. पहिली कादंबरी आली १९९७ साली. जेमतेम चार लाख वस्तीचा देश, त्या वेळी तर पावणेतीन लाखच. वर्षाकाठी सरासरी दोन-एक खून होणार, तेही बहुतेक दारूच्या नशेत, आणि खुनी सकाळपर्यंत सापडलेला. अशा ठिकाणी पोलिसी कादंबरी कोण खरी मानणार? पण वाचकांनी मानली. २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षं गुन्हेकथांसाठीचा नॉर्डिक देशांचा ‘ग्लास की’ पुरस्कार त्याला मिळाला, २००५ मध्ये ब्रिटनचा ‘गोल्ड डॅगर’. २००४ साली रेक्याविकच्या नगर वाचनालयातून सर्वांत जास्त वाचायला नेलेल्या दहा पुस्तकांत सात त्याची होती. पुढे पंतप्रधान झालेल्या कात्रिन याकोब्सदोत्तिर यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला तोही याच्या कादंबऱ्यांवर.

मला मात्र त्याच्या पुस्तकांत गुन्हेगार कोण, यात फारसा रस कधी वाटला नाही. एर्लेंदुर हा त्याचा पोलीस अधिकारी. पन्नाशीचा, घटस्फोटित, मुलगी व्यसनात बुडालेली. घरी आला की दिवा लावून जुन्या काळी हिमवादळात हरवलेल्या माणसांच्या हकिगती वाचत बसतो. पूर्वेकडच्या एका शेतावर लहानाचा मोठा झालेला. दहा वर्षांचा असताना वडील आणि धाकट्या भावाबरोबर वादळात सापडला. भावाचा हात याच्या हातात होता, तो सुटला. भाऊ कधीच मिळाला नाही. घर रेक्याविकला आलं आणि एर्लेंदुर तिथे रमला नाही तो नाहीच. कोकणातून मुंबईला आलेला, चाळीस वर्षं नोकरी करूनही परळमध्ये मनाने न उतरलेला चाकरमानी आपल्याला माहीत आहे. एर्लेंदुर त्याचाच भाऊबंद आहे, फक्त याला गणपतीला परत जायचीही सोय नाही.

ही गोष्ट आर्नाल्दुरला घरातूनच मिळाली असणार, असं मला वाटतं. त्याचे वडील इंद्रिदी गे. थोर्स्टेइनसन हे नावाजलेले कादंबरीकार, उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुर भागातले. १९५५ साली त्यांची टॅक्सीवाल्यावरची कादंबरी आली, ‘स्टँडवरची ७९’. नायक रागनार खेड्यातून शहरात आलेला. एका बाईच्या प्रेमात पडतो, तिचा एक अमेरिकन सैनिकही यार आहे हे त्याला कळतं, आणि दारूच्या तारेत तो गाडी घेऊन गावाकडे निघतो. गावाला पोहोचत नाही. १९६३च्या दुसऱ्या कादंबरीत एक तरुण मंदीच्या काळात शेत विकून निघून जातो. तिच्यावरच १९८० साली आलेल्या चित्रपटापासून आइसलँडचा आधुनिक सिनेमा सुरू झाला असं मानतात. म्हणजे बापाने गाव सोडणारा माणूस लिहिला, आणि मुलाने तोच माणूस म्हातारा होताना लिहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा देश शेतांवर आणि किनाऱ्यावरच्या वाड्या-वस्त्यांत राहत होता. आज तीनातले जवळपास दोन लोक राजधानीच्या परिसरात राहतात. एका आयुष्यात एवढी उलथापालथ झाली, तर काहीतरी मागे राहणारच. आर्नाल्दुर ते उकरून काढतो.

उकरणं शब्दशः. त्याच्या पुस्तकांतल्या जागा बघायला पहिल्यांदा गेलो ते रेक्याविकमधल्याच नोर्दुरमिरीला. नवऱ्याला नॉर्दर्न लाइट्स बघायचे होते, पण आभाळ गच्च होतं, त्यामुळे तोही मुकाट्याने बरोबर आला. ल्हेमुर चौकातून पाच-सात मिनिटं चाललं की ही वस्ती लागते. पूर्वी इथे दलदल होती. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि युद्धाच्या वर्षांत तिच्यावर सिमेंटची दोन-तीन मजली घरं उभी राहिली. रस्त्यांची नावं मध्ययुगीन सागांमधल्या, म्हणजे जुन्या वीरकथांमधल्या पात्रांची: गुनार, क्यार्तान, बोली, गुद्रुन. वीरांची नावं आणि खाली अर्धवट जमिनीत गेलेल्या तळघरातल्या खोल्या! त्या खिडक्या आपल्या गुडघ्याच्या उंचीवर येतात. पडद्याच्या फटीतून एक इस्त्रीचा बोर्ड आणि ओल्या मोज्यांची माळ दिसली, आणि आपण कुणाच्या घरात डोकावतोय याची लाज वाटून मी मान वळवली. भिंतींना बारीक खडीचा गिलावा, पावसाने काळवंडलेला.

‘जार सिटी’ या नावाने इंग्रजीत गेलेली त्याची २०००ची कादंबरी इथेच सुरू होते. मूळ नाव ‘मिरिन’, दलदल. तळघरातल्या फ्लॅटमध्ये एका म्हाताऱ्याचा खून होतो आणि घरात एक कुबट वास भरून राहिलेला असतो. पुस्तकभर पाऊस पडतो. आम्हालाही पडला, आडवा, छत्री उलटी करणारा. तपास पुढे जातो तो आनुवंशिक आजाराच्या धाग्याने, आणि इथे लेखकाने त्या वर्षांतला अगदी ताजा वाद पकडला. १९९८ च्या डिसेंबरात आइसलँडच्या संसदेने सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका डेटाबेसमध्ये गोळा करण्याचा कायदा केला होता, आणि त्याचं काम ‘डीकोड’ या खासगी कंपनीकडे जाणार होतं. सगळे सगळ्यांचे नातेवाईक असलेल्या देशात कुणाचा बाप कोण, हे संगणकाने सांगितलं तर काय होईल? कायद्याच्या बाजूने आणि विरोधात रकाने भरले गेले, त्या सगळ्यांपेक्षा ही कादंबरी मला जास्त पटते. २००६ मध्ये बाल्तासार कोर्माकुरने तिच्यावर चित्रपट काढला. त्यात एर्लेंदुर भाजून उकडलेलं मेंढीचं अर्धं डोकं मन लावून खातो. ते खाणं, ‘स्विद’, मीही मागवलं. आधी केस जाळून काढतात, मग डोकं उभं चिरून मिठाच्या पाण्यात शिजवतात. बरोबर बटाट्याचा लगदा. गालाचं मांस लुसलुशीत, धुराचा हलका वास. मुंडी खाणाऱ्या घरात वाढले असल्याने मला काही अडचण आली नाही. डोळा नवऱ्याने खाल्ला.

ग्राफारहोल्तला जायला बस मिळते, पण बघण्यासारखं तिथे काही नाही. शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर नव्या वसाहती, आमच्या वाकड-हिंजवडीत असाव्यात तशाच कंटाळवाण्या. ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ची सुरुवात मात्र विसरता येत नाही: वाढदिवसाच्या पार्टीत एक रांगतं बाळ काहीतरी चघळत बसलंय, आणि एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की ते माणसाचं हाड आहे. बांधकामासाठी खणताना निघालेलं. मग गोष्ट मागे जाते युद्धाच्या वर्षांत. १० मे १९४० रोजी ब्रिटिश फौजा उतरल्या, पुढच्या वर्षी अमेरिकन आल्या, आणि या टेकडीवर लष्करी कोठार झालं. शेजारच्या घरात एक नवरा बायकोला रोज मारतो. कौटुंबिक हिंसेवर इतकं थंडपणे, एकही मोठा शब्द न वापरता लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय. रेडकरंटची काही झुडपं तिथे पूर्वी घर होतं याची खूण म्हणून उरलेली असतात. आता टेकडीवर सोसायट्यांची पार्किंगं आहेत.

क्लेइफारवात्नला सार्वजनिक बस जात नाही, म्हणून गाडी भाड्याने घेतली. रेक्याविकच्या दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, दोन्हीकडे शेवाळाने मढलेला लाव्हा, आणि एका वळणावर एकदम काळ्या वाळूचं तळं. जवळपास ९७ मीटर खोल. जमिनीवरून पाणी वाहून जायला वाट नाही. जून २००० मध्ये दक्षिण आइसलँडला मोठे भूकंप झाले, तळ्याच्या बुडाशी भेगा पडल्या आणि पाणी गळू लागलं. पातळी कित्येक मीटर उतरली, तळ्याचा पाचवा हिस्सा कोरडा झाला. ‘द ड्रेनिंग लेक’ या कादंबरीत आर्नाल्दुरने त्या उघड्या पडलेल्या तळाशी एक सांगाडा ठेवला, रशियन बनावटीच्या रेडिओ उपकरणाला बांधलेला. हे लेखकाने हवेतून आणलं असेल असं कुणाला वाटेल. पण १९७३ मध्ये याच तळ्यात बुडी मारणाऱ्यांना खरोखरच सोव्हिएत रेडिओ-सामग्री सापडली होती. कादंबरी पुढे १९५०च्या दशकातल्या लाइपझिगला जाते, तिथे शिकायला गेलेल्या आइसलँडच्या समाजवादी मुलांकडे. त्यांची श्रद्धा कशी आतून पोखरली गेली, ते त्याने फार समजून लिहिलंय. इतिहासाची पदवी वाया गेली नाही म्हणायची.

तळं पुढे काही वर्षांत परत भरलं. आम्ही गेलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचं दार एका हाताने धरूनच उघडावं लागलं. भाड्याची गाडी घेताना दाराचा विमा वेगळा का विचारतात ते तेव्हा कळलं. दोन-तीन किलोमीटरवर सेल्तुनला गंधकाच्या वाफा आणि उकळता चिखल आहे, लाकडी पायवाटेवरून हिंडता येतं. टूरवाले तेवढंच दाखवतात. तळ्याशी थांबा म्हणावं लागतं.

तिथे उभी असताना एक गोष्ट जाणवली. याच्या पुस्तकांत मेलेली माणसं जमीनच परत देते. घराच्या फरशीखालून, बांधकामाच्या खड्ड्यातून, आटलेल्या तळ्यातून. कोनराद या निवृत्त पोलिसावरच्या नंतरच्या मालिकेत तर वितळणाऱ्या लांगयोकुल हिमनदीतून. सगळ्यांना परत देते, आणि एर्लेंदुरचा भाऊ मात्र चाळीसहून जास्त वर्षं देत नाही.

म्हणून पूर्वेला गेलो. रेक्याविकच्या शहरातल्या छोट्या विमानतळावरून एगिल्स्तादिरला तासाभरात पोहोचता येतं, तिथून गाडीने फाग्रिदालुर खोऱ्यातून खाली रेयदारफ्योर्दुर. खाडीच्या काठावर एक किलोमीटरहून लांब शेडांचा अॅल्युमिनियम कारखाना लागतो. २००७ मध्ये सुरू झाला, त्याच्या विजेसाठी डोंगरात काराह्न्युकारचं धरण बांधलं. धरणावरून देश अक्षरशः दुभंगला होता. ‘स्ट्रेंज शोअर्स’मध्ये हे सगळं येतं, पण घोषणा न देता; म्हातारा एर्लेंदुर बघतो आणि तोंड वाकडं करतो इतकंच.

एस्कीफ्योर्दुर त्याच्या पलीकडे. हजारभर वस्ती, मासेमारीचा कारखाना, रंगीत पत्र्यांची घरं, आणि समोर ९८५ मीटर उंचीचा होल्मातिंदुर खाडीतून सरळ वर उठलेला. हिवाळ्यात सूर्य त्याच्यावर डोकं काढत नाही. अशा गावांतून ऊन परत आलं की त्या दिवशी पॅनकेक आणि कॉफी करायची पद्धत आहे. गावाच्या वरच्या अंगाला हार्दस्काफी, जिथे तो भाऊ हरवला असं पुस्तकात आहे. आम्हाला तो डोंगर ढगातून तीन-चार मिनिटं दिसला असेल. पेट्रोल पंपावरच्या मुलीला मी विचारलं, एर्लेंदुरचं शेत शोधत लोक येतात का? "जर्मन येतात," ती म्हणाली. "ते विचारतात, मी डोंगराकडे बोट दाखवते. मी स्वतः वाचलेलं नाही, आजी वाचते." मग तिने विचारलं, भारतातून पण येतात का लोक? आता येतात, म्हटलं.

ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी: इंग्रजीत ही मालिका तिसऱ्या पुस्तकापासून, ‘जार सिटी’पासून सुरू झाली, त्यामुळे पहिल्या दोनसाठी अडून बसू नका. माझ्या मते ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ने सुरुवात करावी, मग ‘द ड्रेनिंग लेक’, मग ‘हायपोथर्मिया’. ‘स्ट्रेंज शोअर्स’ सगळ्यांत शेवटी. ते आधी वाचलंत तर बाकीच्यांची मजा गेली. तरुण एर्लेंदुरची नंतर लिहिलेली पुस्तकं ठीक आहेत, प्रवासात वाचायला. ‘व्हॉइसेस’ नाताळात एका हॉटेलात घडतं आणि मला ते जरा रेंगाळलेलं वाटलं, पण आमच्या घरी यावर एकमत नाही. नवऱ्याला तेच सगळ्यांत आवडलं.