ताडोब्यात सहाशेची लेन्स आणि दोन किलो तांदूळ

पुण्याहून निघताना माझ्या मांडीवर भाड्याने घेतलेली १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स होती (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि मेव्हण्याच्या पिशवीत त्याची जुनीपुराणी ५५-२५०. "एवढ्याशा नळकांड्यात वाघाची शेपटी तरी मावेल का?" असं म्हणत मी त्याला नागपूर येईपर्यंत पिडलं. चार सफाऱ्यांमधला वाघाचा एकमेव धड फोटो त्याच्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नागपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली गेटला गाडीने तीनेक तास लागतात. मे महिना, दोन सफाऱ्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, दोन बफरमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यात. (मंगळवारी कोअर बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर तर पूर्णच, तेव्हा रजा टाकण्याआधी बुकिंग बघा.) माझा बेत असा होता की लांबचं सगळं सहाशेने टिपायचं आणि जवळचं मोबाइलवर. पहाटे गेटवर मोबाइल जमा करून घेतले तेव्हा अर्धा बेत तिथेच संपला. ताडोब्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. म्हणजे माझ्याकडे १५० च्या खाली काही उरलंच नाही. शिवाय माझा कॅमेरा कॅननचा, लहान (क्रॉप) सेन्सरवाला, त्यात सगळं १.६ पट जवळ दिसतं. म्हणजे दीडशेला दिसतं ते मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरच्या २४० इतकं.

तासाभराने सांबराचा कॉल झाला, वाघ जवळ असल्याचा इशारा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बांबूतून वाघीण निघाली, रस्त्यावर आली आणि आमच्याच दिशेने चालू लागली. गाइड कुजबुजला, "हलू नका जी, इकडंच येते ते." चाळीस पावलांवर होती तोवर मजेत होतो. वीस पावलांवर फ्रेममधून तिचे पाय कापले गेले. दहावर कान. त्यानंतर फ्रेममध्ये नुसतं नाक आणि मिशा. झूमची रिंग दीडशेला जाऊन अडलेली, तरी मी पिळतोच आहे! त्यात घाईने बटण दाबून ठेवलं आणि स्वस्तातलं मेमरी कार्ड धापा टाकायला लागलं. फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवणारी कॅमेऱ्याची मेमरी भरली, कॅमेरा गप्प. वाघीण जिप्सीच्या बाजूने वास घेत निघून गेली. मेव्हण्याच्या फोटोत ती अख्खी आहे, मागे बांबू, पायाखाली धूळ, आणि कोपऱ्यात माझं ढोपर.

ताडोब्यात वाघ पुष्कळदा रस्त्यावरच भेटतो, म्हणून इथे येणाऱ्याला मी १००-४०० किंवा ७०-३०० आणायला सांगेन. दोन कॅमेरे असतील तर दुसरीवर १८-१३५ सारखं काही आधीच चढवून ठेवा. आत लेन्स बदलू नका. पुढच्या जिप्सीची लाल धूळ सेन्सरवर बसते आणि मग तलावाच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके. मी कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा घातला होता. महागड्या कव्हरपेक्षा तो पटकन निघतो.

सहाशे अगदीच वाया गेली असं नाही. बफरमध्ये एका ओढ्याच्या सावलीत नवरंग पक्षी दिसला. मे अखेरीस ते इकडे येऊ लागतात. तिथे २५०वाला मेव्हणा हात चोळत बसला. पक्षी बघायचे असतील तर सहाशे हवीच. पण साडेनऊच्या उन्हात तलावापलीकडचे गवे टिपले ते सगळे पाण्यात पाहिल्यासारखे लिबलिबीत आले. रात्री लॅपटॉपवर बघून दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. लेन्सचा दोष नव्हता. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत असते, त्यातून येणारा प्रकाश वाकतो आणि जितकं लांबून ओढाल तितकं ते जास्त दिसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच लेन्सने चितळाच्या पापण्या मोजता आल्या. तेव्हा चढत्या उन्हात लांबचं सोडून द्या.

पहाटेची अडचण वेगळी, उजेडाची. सहाशेला लेन्सचं छिद्र एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे उजेड कमीच आत येतो. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून चालत्या वाघासाठी शटर १/१००० सेकंद, बसलेल्यासाठी १/२५० ठेवलं. आयएसओ ६४०० ला गेला की दाणे येतात; येऊ देत. हललेला फोटो घरी जाऊन सुधारत नाही.

आता तांदूळ. दोन किलोची लेन्स चार तास हातात धरून बघा, खांदा बोलायला लागतो. ट्रायपॉड जिप्सीत मावत नाही, एका पायाचा मोनोपॉड शेजाऱ्याच्या पायात जातो. आईने जुन्या जीन्सची एक तंगडी कापून, एका बाजूला चेन लावून पिशवी शिवून दिली होती. ती रिकामीच नेली आणि मोहर्लीच्या किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ भरले. जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर ही पिशवी, तिच्यावर लेन्स. इंजिन मात्र बंदच करायला सांगा, नाहीतर थरथर तांदळातूनही वर येते. गाडीत सहा जण असतात आणि कोणी उठलं की सगळी गाडी डुलते, त्याला उपाय नाही. निघताना तांदूळ होमस्टेच्या काकूंना दिले.

आणखी एक, लेन्स भाड्याने घेणार असाल तर एक दिवस आधी घ्या आणि गच्चीवरून कावळे टिपून सराव करा. काचेचे फोटो दुकानातच काढून ठेवा, अनामत परत घेताना वाद नको. बॅटऱ्या तीन तरी हव्यात. आमच्याकडे एका रात्री वीज गेली ती पहाटेच आली.

परत केली तेव्हा दुकानदाराने लेन्स उलटी धरून रिंग फिरवली. खाचेतून चिमूटभर लाल माती काउंटरवर पडली. "ताडोबा?" त्याने विचारलं, फुंकर मारली आणि पावती फाडली.