लिस आलमान यांची चौकडी

आज मागावर चौकडीचं कापड लावलं आणि विणकर लिस आलमान आठवल्या. १८९४ साली डेन्मार्कमध्ये जन्म. आधी चित्रकला शिकल्या, मग गेर्डा हेनिंग यांच्याकडे विणकाम. पुढे फर्निचरची आखणी करणारे बोर्गे मोगेनसन यांच्या खुर्च्या-सोफ्यांसाठी कापडं केली. नक्षी म्हणाल तर नुसत्या रेघा आणि चौकडी! पण उभ्या धाग्यावरून वेगळ्या रंगाचा आडवा धागा गेला की लांबून तिसराच रंग दिसतो, आणि त्यांची सगळी ताकद तिथे आहे. १९५० च्या दशकात मोगेनसनबरोबर त्यांनी गिरणीत विणायच्या कापडांचीही आखणी केली. हातमागावर बसणारी मी, यंत्राला कायम नावं ठेवत आले. त्यांच्यामुळे ते थांबलं.

माझ्या चौकडीत निळा जास्त झालाय. उद्या चार बोटं उसवून पुन्हा विणेन.