तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कप्पा, फिकट’ म्हणजे काय?

‘‘रिपोर्टात ‘कप्पा, फिकट’ असं लिहिलंय. म्हणजे आजार सौम्य आहे ना?’’ क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचं, म्हणजे सीएलएल या रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालेल्यांची मुलं, सुना, भावंडं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींना चमकणारे रंग लावून त्या यंत्राने ओळखण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, ते शब्द रिपोर्टात मीच लिहिते. त्या ‘फिकट’मध्ये आशा शोधणारा आवाज ऐकला की नाही म्हणायला जड जातं. पण खरं सांगायचं तर आजार किती सौम्य आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. आजार कोणता, हे ओळखायला मात्र त्याची मोठी मदत होते.

बी पेशी म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तातली प्रत्येक बी पेशी आपलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीचं प्रथिन, अंगावर मिरवते. त्याची लाइट चेन (लहान साखळी) दोनच प्रकारची असते, कप्पा किंवा लॅम्डा, आणि एक पेशी दोन्हींपैकी एकच वापरते. निरोगी रक्तात साधारण दोन कप्पा पेशींमागे एक लॅम्डा पेशी सापडते. संसर्गामुळे बी पेशी वाढल्या तरी त्या वेगवेगळ्या कुळांतल्या असतात, म्हणून दोन्ही प्रकार दिसतात. सीएलएलमध्ये मात्र सगळ्या एकाच पेशीच्या लेकी. त्यामुळे जवळजवळ सगळ्या कप्पा, नाहीतर सगळ्या लॅम्डा. हा एकतर्फीपणा दिसला, की वाढ एकाच कुळाची आहे हे कळतं.

आता फिकटपणाकडे येते. सीएलएलच्या पेशींच्या अंगावर इम्युनोग्लोब्युलिन फारच थोडं असतं, म्हणून त्याला चिकटणारी, रंग लावलेली अँटीबॉडी घातली की चमक फिकट दिसते. पेशी ते बनवत नाही असं नाही. पेशीला छिद्रं पाडून आत रंग सोडला तर ते आत सापडतं. पण त्याची आणि त्याच्या जोडीदार सीडी79 प्रथिनाची घडी नीट बसत नाही, वर साखरेच्या साखळ्याही नीट चढत नाहीत, आणि थोडाच माल पृष्ठभागापर्यंत पोचतो. मॅन्टल सेल लिम्फोमा या बी पेशींच्या दुसऱ्या कर्करोगाच्या पेशींवरही सीएलएलसारखंच सीडी5 हे प्रथिन असतं, पण त्यांचं इम्युनोग्लोब्युलिन सहसा ठळक असतं. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. 1994 मध्ये रक्तविकारतज्ज्ञ एस्टेला मातुतेस आणि सहकाऱ्यांनी सीएलएल ओळखण्यासाठी पाच गुणांची मोजपट्टी मांडली. तिच्यात फिकट इम्युनोग्लोब्युलिनलाही एक गुण आहे.

पण मुळातच थोडी असलेली गोष्ट शोधताना चुकायला फार वाव असतो. मी नवीन असताना एक नमुना आला. सीडी5 होतं, सीएलएलमध्ये सहसा दिसणारं सीडी23 प्रथिनही होतं, आणि कप्पा-लॅम्डा दोन्ही कोरे. बी पेशींवर दोन्ही नसणं हेसुद्धा विकृतीचं लक्षण असू शकतं, तेव्हा मी तसंच लिहायला घेतलं होतं. वरिष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘किती वेळा धुतलंस?’’ एकदाच धुतलं होतं. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर प्लाझ्मात सुमारे एक ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त इम्युनोग्लोब्युलिन तरंगत असतं. ते उरलं, तर आपण घातलेली अँटीबॉडी त्यालाच चिकटून संपते, पेशीपर्यंत जातच नाही. शिवाय त्यातलं काही पेशींच्या एफसी रिसेप्टरवर (अँटीबॉडी पकडून ठेवणाऱ्या प्रथिनावर) बसलं, तर पेशी एकाच वेळी कप्पाही दिसते आणि लॅम्डाही. बाईंनी तो नमुना कोमट बफरने तीनदा धुऊन घेतला, रंग पुन्हा लावला. पडद्यावर कप्पाच्या बाजूला फिकट पण घट्ट असा पुंजका उभा राहिला. त्या माणसाचं निदान माझ्या घाईने अडलं असतं, हे मी विसरू शकत नाही. आजही कप्पा-लॅम्डाची नळी लावताना मी धुण्याच्या फेऱ्या मोजते. निकाल शंकास्पद वाटला तर दुसऱ्या क्लोनची (वेगळ्या पेशी-कुळापासून बनवलेली) किंवा पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण असलेली) अँटीबॉडी वापरून पाहते, कारण एखाद्या रुग्णाच्या लाइट चेनला एक अँटीबॉडी चिकटते, दुसरी नाही.

पेशींची संख्याही बघावी लागते. अशा एककुळी बी पेशी दर मायक्रोलिटर रक्तात 5000 किंवा जास्त, आणि निदान तीन महिने टिकून असतील, तर सीएलएल म्हणायचं. त्याहून कमी असतील, गाठी किंवा इतर लक्षणं नसतील, तर ती निराळी, बहुधा नुसती लक्ष ठेवण्याची अवस्था.

आणि आजार सौम्य की जोरदार, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय, ते अगदी योग्य आहे. फक्त त्याचं उत्तर दुसऱ्या तपासण्यांत आहे. इम्युनोग्लोब्युलिनच्या आयजीएचव्ही जनुकात बदल झालेत की नाहीत, हे 1999 पासून महत्त्वाचं मानलं जातं. मूळ जनुकाशी साम्य 98 टक्के किंवा जास्त असेल, म्हणजे बदल जवळपास नसतील, तर आजार सहसा लवकर पुढे सरकतो. दुसरी तपासणी टीपी53 या कर्करोग रोखणाऱ्या जनुकाची, आणि ते ज्यावर असतं तो 17व्या गुणसूत्राचा 17पी हा भाग तुटून गेलाय का याची. आयजीएचव्हीचा निकाल बदलत नाही, एकदा केला की पुरतो. टीपी53 चा बदलू शकतो, म्हणून उपचाराची नवी फेरी सुरू करण्याआधी ती तपासणी पुन्हा करायची असते. डॉक्टरांना भेटाल तेव्हा या दोन्ही झाल्यात का, आणि टीपी53 ची शेवटची कधी झाली, एवढं नक्की विचारा.