‘सर्वांनी एकत्र यावे’ : प्रयोग ओळखा

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज मी दुसऱ्याच कुणाचं आवाहन माझं समजून वाचलं आणि ‘छान, छापा’ असं कळवून मोकळी झाले.

मंडळाचा १० डिसेंबरला कार्यक्रम आहे, मानवी हक्क दिनाचा. मागच्या आठवड्यात कार्यवाह इथे बडोद्यात, दांडिया बाजारात भेटले. म्हणाले, “बाई, तुम्ही मराठीच्या. स्मरणिकेसाठी एकोप्यावर पानभर लिहून द्या. जरा भारदस्त होऊ द्या.” दिलं लिहून. दुपारी रावपुऱ्यातल्या प्रेसवरून मोबाइलवर प्रूफ आलं. एका हाताने भाजी परतत वाचलं. ‘आजच्या दुभंगलेल्या जगात मानवतेचा दीप तेवत ठेवणे ही काळाची गरज आहे.’ हो, असंच लिहिलं होतं. ‘जात, धर्म, पंथ यांच्या भिंती ओलांडून सर्वांनी एकत्र यावे.’ हेही. मध्ये एक वसुधैव कुटुंबकम्, शेवटी एक ‘चला तर मग’. अंगठा पाठवून दिला.

संध्याकाळी प्रेसमधल्या मुलाचा फोन. “बेन, भूल थई गई. ते दुसऱ्या मंडळाचं जुनं मॅटर गेलं तुम्हाला.” मग स्वतःच म्हणाला, “पण सरखुंच छे ने? फक्त नाव बदलून टाकू?”

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलांनी एकमेकांचे निबंध उतरवले की एका ओळीत पकडत असे. आणि आज स्वतःचा मजकूर स्वतःला ओळखू आला नाही. ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला.

जेवणं झाल्यावर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून लाल पेनाने बसले. जुनी खोड. म्हटलं, अर्थाचं राहू दे, आधी प्रयोग ओळखू. ‘सर्वांनी एकत्र यावे’: भावे प्रयोग. नववीच्या मुलांना सांगायची तेच : इथे क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही नि कर्माचंही नाही; ते आपलं नपुंसकलिंगी एकवचनात एकटंच उभं. त्यांनी यावे, तिने यावे, मी यावे, काहीही घाला, ‘यावे’ला फरक पडत नाही. पुढचं वाक्य, ‘भेदाभेद नष्ट व्हावेत’. हा कर्तरी. पण कर्ता कोण? भेदाभेद! म्हणजे भेद करायचे आपण आणि नष्ट व्हायचं काम त्यांचं त्यांनी उरकायचं. ‘भिंती पाडल्या पाहिजेत’ हा कर्मणी. पाडणारा वाक्यात नाहीच, कुदळ घेऊन कुठेतरी गेलेला. पान पालथं घातलं, ‘मी’ कुठे नाही. ‘आम्ही’ एकदा आहे, ‘आम्हास खात्री आहे’ या वाक्यात.

वसुधैव कुटुंबकम्‌चीही एक गंमत आठवली. हा श्लोक महोपनिषदात आहे, तसा हितोपदेशातही आहे, आणि तिथे तो म्हणतो कोल्हा. हरणाचं मांस खायचं आहे, पण हरणाचा मित्र कावळा म्हणतो की अनोळखी माणसाला लगेच घरात घेऊ नये. त्यावर कोल्हा हे ऐकवतो, की हा आपला, तो परका असा हिशेब कोत्या मनाचे लोक करतात. मग राहतो तिघांत, आणि थोड्याच दिवसांत हरणाला पिकाने भरलेल्या शेताची वाट दाखवतो, जिथे पुढे शेतकरी फासा लावतो. श्लोकाचा यात काही दोष नाही. पण गेली दहा वर्षं मी तो प्रत्येक सूत्रसंचालनात म्हटला आहे आणि एकदाही कोल्हा आठवला नव्हता.

बरं, मोठे शब्द म्हणजे पोकळच, असंही मला म्हणवत नाही. हंसाबेन आड येतात. युनिव्हर्सिटीत असताना हंसा मेहता लायब्ररीत मी किती दुपारी काढल्या असतील, आणि तेव्हा ते माझ्या लेखी फक्त इमारतीवरचं नाव होतं. बडोद्याच्या दिवाणांची, मनुभाई मेहतांची मुलगी. पुढे याच सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. स्वतः नागर ब्राह्मण, लग्न केलं वैश्य घरातल्या जीवराज मेहतांशी; जातीने डोळे वटारले, सयाजीराव महाराज पाठीशी राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर तेव्हा अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांच्याखेरीज बाई अशी ही एकच. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा ‘सर्व पुरुष’ असा वाचता येईल अशा शब्दाने सुरू होत होता. इंग्रजीत त्या शब्दात बायका धरलेल्या असतात, असं रूझवेल्टबाईंचंही म्हणणं. हंसाबेनचं म्हणणं, आज धरलेल्या असतील, उद्या एखादा देश शब्दावर बोट ठेवून वगळेल. शब्द बदलला, ‘सर्व माणसे’ झालं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये ४८ मतांनी जाहीरनामा मंजूर झाला, आठ देश तटस्थ, विरोधात कुणी नाही. तीस कलमं. आमच्या मंडळाचा कार्यक्रम त्या तारखेचा.

त्या बाईंनी ‘मानवता’ म्हटलं नाही. यात कोण धरलंय नि कोण नाही, ते विचारलं. (त्याच कलमाच्या शेवटी सर्वांनी एकमेकांशी ‘बंधुभावाने वागावे’ आहे. भाऊ राहिलाच, आणि प्रयोगही भावेच! पण एका बैठकीत माणूस किती भांडणार.)

या शहरात ‘कोण धरलंय’ हा प्रश्न विचारला की माणूस आपोआप कमाटीबागेत येऊन पोचतो. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानाने अमेरिकेत शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात परत येऊन संस्थानात नोकरी. सगळं आकड्यांत, करार करून. महाराजांचं कामच तसं होतं. सक्तीचं शिक्षण १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या राज्यात आलं तेही वय आणि दंड लिहून. १९१७ साली आंबेडकर कराराप्रमाणे आले. राहायला जागा मिळेना. पारशांच्या पथिकाश्रमात पारशी नाव लिहून दिवस काढले, अकराव्या दिवशी पारशी लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारून सांगतो. दोघेही विचारांनी उदार. आंबेडकर पाच तास बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बागेत ती जागा आता संकल्पभूमी म्हणून आहे. मी सकाळी तिच्यावरून फिरायला जाते.

‘नोकर निघून जातील’, ‘बायको उद्या येईल’. दोघांपैकी कुणीही अस्पृश्यतेचं समर्थन केलं नाही. विचारलं असतं तर मानवतेवर दोघेही सुरेख बोलले असते.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. जूनमध्ये आमची वरची खोली भाड्याने द्यायची होती. फाइन आर्ट्‌समध्ये प्रवेश मिळालेली एक मुलगी बघायला आली. खोली आवडली, खिडकीतला उजेड आवडला, डिपॉझिटला हो म्हणाली. मी चहा टाकला. मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर मी म्हटलं, “अगं, एक अडचण आहे. माझ्या नणंदेची मुलगी यायचं म्हणतेय, नक्की झालं की कळवते.” नणंदेची मुलगी पुण्यात नोकरीला आहे, ती कशाला येते. पोरीने चहा पूर्ण प्यायला, कपबशी उचलून मोरीपाशी ठेवली आणि “जी, आंटी” म्हणून गेली. खोली अजून रिकामी आहे.

(वर आधी ‘वेगळ्या समाजातली मुलगी’ असं लिहिलं होतं. मग सगळंच खोडलं, आणि शब्दच गाळला. मुलगी मुसलमान होती. भरूचची.)

शेजारीपाजारी काय म्हणतील, ही माझी नोकर-निघून-जातील. आणि असं करून सहा महिने व्हायच्या आत मी भारदस्त पान लिहिलं, आणि लिहिताना ती मुलगी आठवली नाही. आठवण्याची सोयच नव्हती त्या वाक्यांत. दीप, भिंती, काळाची गरज! कुठल्याही ओळीत माझा जिना येत नाही, चहाचा कप येत नाही.

बुधवार, दुपार

सकाळी नवीन मजकूर लिहून पाठवला. चारच ओळी. ‘आमच्या मंडळाच्या सभासदांकडे भाड्याच्या खोल्या आहेत. खोली बघायला येणाऱ्याला आम्ही आधी भाडे सांगू, नाव नंतर विचारू. नाव ऐकून पाहुण्यांची सबब सांगणार नाही. हे लिहिणारीने ती सांगितली आहे.’ पहिल्या मसुद्यात ‘सभासदांनी आधी भाडे सांगावे’ असं होतं. ‘सांगावे’ दिसल्यावर हात थांबला आणि कर्तरी केलं. शेवटची ओळ दोनदा काढली नि दोनदा घातली. ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि “वरच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घ्यायला हवा” एवढंच म्हणाले.

बाराच्या सुमारास कार्यवाहांचा फोन. आवाजात सांभाळून घेण्याचा सूर. “बाई, मनापासून लिहिलंय, प्रश्नच नाही. पण ही नोटीस झाली हो, आवाहन नाही झालं. निम्मे सभासद घरं भाड्याने देतात, उगाच मनाला लावून घेतील. शिवाय पान रिकामं दिसतंय. प्रेसवाला चारपर्यंत थांबलाय, तेव्हा आपण पहिलंच देऊ या, ते छान होतं.”

“पहिलं कोणतं?” मी विचारलं. “माझं, की त्या दुसऱ्या मंडळाचं?”

“कोणतंही चालेल, बाई.”