शेतात निघालेली मोहर अस्सल ठरवताना: माझा अनुभव

मंगळवेढा तालुक्यात मामांच्या शेतात पाइपलाइनचा गाडला गेलेला व्हॉल्व्ह शोधायला भाड्याचा मेटल डिटेक्टर आणला होता. व्हॉल्व्हच्या आधी वीतभर खोलीवर सोन्याचं नाणं निघालं. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरं, चित्र कुठेच नाही.

अशा वेळी पाय आधी सराफ कट्ट्याकडे वळतात, पण पहिलं काम कायद्याचं. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख एवढं अर्जात हवं. सोबत सातबारा, गट नंबर, खड्ड्याचा फोटो आणि मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आपला हिस्साही सरकारजमा. नाणं जवळच्या सरकारी कोषागारात ठेवता येतं, किंवा मागितलं की हजर करू अशी जामीनकी देऊन आपल्याकडे ठेवता येतं. दुसरा मार्ग घेतला, म्हणून पुढच्या तपासण्या जमल्या. कोणत्या तपासण्या करणार, आणि त्यात नाण्याला ओरखडाही येणार नाही, हेही अर्जातच लिहून दिलं.

मग माती काढणं. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं, बस. ब्रश, चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही नको. सोनं मऊ असतं, एकदा घासलं की ठशाची कड गेली ती गेलीच. मातीतल्या लोहामुळे आलेली तांबूस झाक तशीच राहू द्यावी. शंका असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवून बघावं. नकली नाण्यावर कृत्रिम गोंदाने चिकटवलेली माती त्यात पुष्कळदा सुटून येते. सोन्याला ॲसिटोन काही करत नाही. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटता नको.

लोहचुंबकाच्या परीक्षेवर वेळ घालवू नये. सोनं, पितळ, सोन्याइतकाच जड असलेला टंगस्टन धातू, कुणीच चुंबकाला दाद देत नाही.

वजन मात्र फार बोलकं असतं. अक्षरांवरून हे औरंगजेबाचं वाटत होतं. त्याची मोहर, म्हणजे सोन्याचं नाणं, साधारण १०.९ ते ११ ग्रॅम भरते, त्याचा चांदीचा रुपया ११.४ ते ११.५ ग्रॅम. हे नाणं भरलं १०.९४२ ग्रॅम, व्यास २१ मिलिमीटरच्या आसपास.

आता घनता. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून किती वजन घटतं ते बघायचं, आणि हवेतल्या वजनाला त्या घटीने भागायचं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरेटची साधारण १७.७. करायला सोपं, चुकायला त्याहून सोपं. या वजनाच्या नाण्याची घट जेमतेम ०.५७ ग्रॅम असते. सराफाचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. घट ०.५६ आली तर घनता १९.५, ०.५८ आली तर १८.९. म्हणजे काट्याच्या एका आकड्यात सगळा निकाल बुडाला! त्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटाच लागतो. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनंती केली तर मिळतो. अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. नाणं भांड्याला कुठे टेकू देऊ नये. आणि दागिन्यात ओवण्यासाठी कडी लावलेली असेल, तर तिचा डाक, म्हणजे सांधायला वापरलेला धातू, घनता खाली ओढतो हे धरून चालावं.

घट आली ०.५७५, घनता १९.०३. नुसत्या या आकड्याला अर्थ नाही, तो क्ष-किरण यंत्राच्या आकड्यांशेजारी ठेवावा लागतो. हे यंत्र हॉलमार्किंग सेंटरमध्ये असतं. तिथे दोन गोष्टी आधीच बजावाव्यात: लेझरने काहीही कोरायचं नाही, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन जागी वाचन घ्यायचं. सरासरी आली सोनं ९८.५ टक्के, चांदी १.१, उरलेलं तांबं. या मिश्रणाची घनता हिशेबाने १९.०४ येते, म्हणजे जुळलं. हे जुळवणं का महत्त्वाचं? यंत्राला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. आत टंगस्टन घालून वर सोनं चढवलं असेल तर यंत्र गप्प बसेल. टंगस्टनची घनता १९.२५, पण मग घट ०.५६८ च्या जवळ आली असती. सात मिलिग्रॅमचा फरक त्या काट्यावर स्पष्ट दिसतो.

आकडे वाचतानाही डोळे उघडे हवेत. बरोबर ९१.६ आणि बाकी तांबं-चांदी आली, तर ते हल्लीच्या दागिन्याचं सोनं असण्याचा संशय घ्यावा. चांदीचा अंशही नसलेलं ९९.९ आलं तरी तेच, कारण जुन्या सोन्यात थोडी चांदी राहतेच. कॅडमियम दिसलं तर आधुनिक डाक लागलाय. कट्ट्यावर एक सराफ म्हणाले, “कसोटीवर जरा घासून बघू की ओ, काही होत नाही.” हात जोडून नको म्हणावं.

इथवर कळलं ते एवढंच, की सोनं जुन्या वळणाचं आहे. जुनं सोनं वितळवून नवा ठसा मारणारे लोक आहेतच. खरी परीक्षा दहापट भिंगाखाली होते.

मुघल ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकूर कडेला कापला जातो. संपूर्ण, मधोमध बसलेला, सुबक लेख दिसला की हुरळू नये. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेला साच्याची रेघ, किंवा ती घासल्याच्या खुणा. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात अक्षराची भिंत सरळ उभी असते आणि धातू बाहेरच्या दिशेने सरकल्याच्या बारीक रेषा दिसतात. जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमधल्या फोटोंशीही ताडून पाहावं. तोच ठसा दोन नाण्यांवर असू शकतो. पण तोच ओरखडा, त्याच जागी कापलेली तीच कड दोन नाण्यांवर आली, तर किमान एक नक्कल आहे.

शेवटी लेख. औरंगजेबाच्या मोहरेवर ‘सिक्का झद दर जहाँ चु मेहर-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर’ असा शेर असतो. सोन्यावर मेहर म्हणजे सूर्य, चांदीच्या रुपयावर त्याच जागी बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. रुपयावरून साचा काढून सोन्यात ओतलेली नक्कल या एका शब्दावर पकडली जाते. मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव आणि जुलूस सन, म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते. इथे ‘शोलापूर’ वाचता आलं, आणि जुलूस ४२. हिजरी सनाचे सुरुवातीचे दोन आकडे, ११, दिसतात. बाकीचे कापले गेलेत. तरी हिशेब लागतो: औरंगजेबाच्या नाण्यावर हिजरी सनातून जुलूस सन वजा केला की १०६७ किंवा १०६८ उरतात, कारण त्याचं राज्यवर्ष रमजानला बदलायचं. म्हणजे सन ११०९ किंवा १११०, आपल्या कॅलेंडरने साधारण मार्च १६९८ ते मार्च १६९९. बादशहाची छावणी तेव्हा याच तालुक्यात भीमाकाठी ब्रह्मपुरीलाच होती. वजाबाकी जुळली नाही म्हणून नाणं लगेच नकली ठरवू नये, जुना ठसा पुढच्या वर्षी वापरल्याचीही उदाहरणं असतात.

फारसी वाचन जाणकाराकडून करून घ्यावं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. परदेशी कंपनीकडे नाणं पाठवून डबीबंद प्रमाणपत्र घ्यायचा विचार सोडावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर पाठवायची खासगी माणसाला मुभा नाही.

वजन, घनता, सहा वाचनं, भिंगातले फोटो आणि लेखाचं वाचन असं एकत्र टिपण जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फाइलला जोडलं. जाहीर नोटीस निघाली की दावेदारांना हजर राहायची तारीख चार ते सहा महिन्यांच्या आत पडते. मालक कुणीच पुढे आला नाही आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारने ठेवून घ्यायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश एवढी भर मिळते. दुर्मिळपणाचे पैसे त्यात धरलेले नाहीत, हे मामांना आधीच सांगून ठेवलंय.